क्रोएशियाचा वॉटर पोलो खेळाडू घडतो कसा, कमावतो किती, थांबतो कधी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर चार वर्षांनी ऑलिंपिक आलं की कुणीतरी विचारतंच, 'हे टोप्या घातलेले पाण्यातले लोक नेमकं काय करतात, आणि त्यात क्रोएशिया कायम वर कसा?' मग गाडी पगार, वय आणि मारामारी या वळणांनी पुढे जाते. अशा गप्पांमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं. मुद्दा क्रोएशियातल्या व्यावसायिक खेळाडूच्या कारकिर्दीचा आहे, त्यामुळे नियम थोडक्यात आणि माणसं जरा सविस्तर.

सगळे देश सोडून क्रोएशियाच का?

आकडे बघा. २०२१ च्या जनगणनेनुसार या देशाची लोकसंख्या साधारण ३८ लाख ७० हजार. एकट्या पुणे शहरात जवळपास एवढी माणसं राहतात. तेवढ्यातून त्यांनी २०१२ ला लंडनमध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. १९९६, २०१६ आणि २०२४ ला रौप्य. जागतिक अजिंक्यपद तीनदा: २००७ मेलबर्न, २०१७ बुडापेस्ट, २०२४ दोहा. युरोपीय अजिंक्यपद दोनदा, आणि दोन्ही घरच्या पाण्यात: २०१० ला झाग्रेब, २०२२ ला स्प्लिट. स्वतंत्र देश म्हणून ही कमाई जेमतेम तीस वर्षांतली आहे. त्याआधी हेच लोक युगोस्लाव्हियाच्या टोपीत खेळत होते आणि तिथेही जिंकत होते.

खेळ थोडक्यात सांगाल का?

एका बाजूचे सात जण पाण्यात, त्यातला एक गोलकीपर. आठ-आठ मिनिटांचे चार डाव, पण घड्याळ खेळ थांबला की थांबतं, म्हणून प्रत्यक्षात सामना तासाभराच्या पुढे जातो. तळाला पाय टेकवायचा नाही. गोलकीपर सोडून कुणी चेंडू दोन्ही हातांनी धरायचा नाही. गोलाची चौकट तीन मीटर रुंद आणि पाण्याच्या वर जेमतेम नव्वद सेंटिमीटर. मोठी चूक केली की खेळाडू काही सेकंद बाहेर (बराच काळ हे वीस सेकंद होते), अशा तीन चुका झाल्या की उरलेल्या सामन्यातून कायमचा बाहेर. बरेचसे गोल या काही सेकंदांत होतात, कारण तेव्हा सहा विरुद्ध पाच असा मामला असतो.

बाकीचे नियम दर काही वर्षांनी बदलतात. हल्ला करायला मिळणारा वेळ आणि मैदानाची लांबी यांत अलीकडेच फेरफार झाले. जुने सामने बघताना ते ध्यानात ठेवा.

समुद्र आहे म्हणूनच हे लोक चांगले खेळतात ना?

हे उत्तर सगळे देतात आणि मला ते अर्धवट वाटतं. समुद्रकिनाऱ्यावरच सगळं अवलंबून असतं तर हंगेरीचं काय करायचं? त्यांच्याकडे समुद्र नावालाही नाही आणि पुरुषांची ऑलिंपिक सुवर्णपदकं नऊ. सर्बियालाही किनारा नाही, तरी २०१६, २०२० आणि २०२४ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं त्यांनी नेली. उलट आपल्या कोकणाला किनारा काय कमी आहे?

समुद्रामुळे पोरं लहानपणी पाण्याला भीत नाहीत, इतकंच. पुढचं सगळं क्लबांनी केलेलं आहे. छोट्या गावात शंभर वर्षांचा क्लब, त्याचा स्वतःचा पूल, काठावर उभा असलेला प्रशिक्षक स्वतः कधीकाळी देशाकडून खेळलेला, आणि शेजारच्या लेनमध्ये सराव करणारा मोठा संघ. बारा वर्षांच्या पोराला ऑलिंपिकपटू टीव्हीवर बघावा लागत नाही, तो त्याच पुलात पोहत असतो. कोर्चुला बेटावरचं कोर्चुला हे गाव काही हजार वस्तीचं. तिथल्या क्लबनं १९७८-७९ च्या मोसमात युरोपातला चषकविजेत्यांचा चषक, म्हणजे आपापल्या देशाचा चषक जिंकलेल्या क्लबांची स्पर्धा, जिंकली होती. किनारा सगळ्या बेटांना आहे, असा क्लब सगळ्यांकडे नाही.

पोरगं या खेळात येतं कसं?

पोहायला शिकायला म्हणून सहा-सात वर्षांचं असताना क्लबात टाकतात. दोन-तीन वर्षं नुसतं पोहणं. मग प्रशिक्षक हात बघतो, खांदे बघतो, आईवडिलांची उंची बघतो. पोरगं डावखुरं निघालं तर प्रशिक्षकाच्या डोळ्यांत चमक येते. त्याचं कारण पुढे सांगतो. वयोगटांच्या संघांतून वर सरकत सोळा-सतराव्या वर्षी मोठ्या संघाच्या सरावात घुसायला मिळालं, की गाडी रुळावर आहे असं समजतात.

दुब्रोव्हनिकमध्ये याला आणखी एक जोड आहे. उन्हाळ्यात तिथे 'दिव्ल्या लिगा' भरते, म्हणजे गावातल्या छोट्या छोट्या किनाऱ्यांच्या हौशी संघांची स्पर्धा. प्रत्येक खाडीचा, प्रत्येक पुळणीचा आपला संघ. तरंगते गोल समुद्रातच बांधलेले, दोरी आणि बोया लावून आखलेलं मैदान, आणि प्रेक्षक खडकांवर पाय सोडून बसलेले. भरती, लाटा, मावळतीचं डोळ्यांत येणारं ऊन हे सगळं धरून खेळायचं. शेवटचा सामना जुन्या शहराच्या तटाला लागून असलेल्या बंदरात. आपल्याकडे गल्लीगल्लीत टेनिस बॉल क्रिकेटच्या नाइट मॅचेस होतात आणि त्यातून कुणीतरी रणजीपर्यंत जातो, तो प्रकार. तिथे खुन्नसही तितकीच असते.

मोठे क्लब कोणते?

दुब्रोव्हनिकचा 'युग', स्थापना १९२३. चार वेळा युरोपचा विजेता, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या अव्वल स्पर्धेत पहिला: १९८१, २००१, २००६ आणि २०१६. शहराची वस्ती सुमारे ४१ हजार, हे लक्षात घेऊन तो आकडा पुन्हा वाचा.

झाग्रेबचा 'म्लादोस्त' सात वेळा युरोपचा विजेता. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत चारदा, मग १९९०, १९९१ आणि १९९६. राजधानीतला क्लब, समुद्रापासून लांब. (समुद्राच्या प्रश्नाला आणखी एक उत्तर.) स्प्लिटचा 'यादरान' १९९२ आणि १९९३ ला जिंकला. ती वर्षं देशात युद्धाची होती. स्प्लिटच्याच 'पॉश्क'नं १९९९ ला. रिएकाचा 'प्रिमोर्ये' आणि शिबेनिकचा क्लब युरोपचा मुकुट न मिळवताही मोठी माणसं घडवत आले. २००८ पासून शेजारच्या देशांतल्या क्लबांसोबतची एक प्रादेशिक लीगही सुरू झाली, कारण घरच्या लीगमध्ये अव्वल संघांना तोडीस तोड सामने फारच थोडे मिळतात.

रोजचा दिवस कसा असतो?

कंटाळवाणा, खरं सांगायचं तर. सकाळी जिम आणि पोहणं, संध्याकाळी चेंडू आणि डावपेच. दुपारी जेवण आणि झोप. तरुण असेल तर मधल्या वेळात कॉलेज. बरेच जण पदवी पूर्ण करतात, कारण या खेळावर आयुष्य निघणार नाही हे त्यांना विसाव्या वर्षीच ठाऊक असतं.

सरावातला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग म्हणजे पाय. वॉटर पोलोत उभं राहायचं ते आळीपाळीनं दोन्ही पाय गुडघ्यापासून आत-बाहेर फिरवत. तेही डोक्यावर हात धरून, छातीशी वजनाची प्लेट घेऊन, कधी खांद्यावर दुसरा खेळाडू दाबत असताना. चांगला गोलकीपर या पायांच्या जोरावर जवळजवळ कमरेपर्यंत पाण्याबाहेर येतो आणि चौकटीचा वरचा कोपरा झाकतो. टीव्हीवर दिसतात हात, सामना जिंकून देतात पाय.

मोसम शरद ऋतूत सुरू होतो आणि मे-जूनपर्यंत क्लबचा. त्यानंतर राष्ट्रीय संघाचा उन्हाळा. अलीकडे युरोपीय स्पर्धा जानेवारीतही होऊ लागल्यामुळे तो मधला श्वासही गेला.

पाण्याखाली खरंच मारामारी चालते?

चालते. सामन्याआधी पंच खेळाडूंची नखं तपासतात, यावरून काय ते समजा. नख वाढलेलं असेल तर कापून या म्हणतात. पोहण्याची चड्डी जाड आणि ताणून बसणारी घालतात, कारण प्रतिस्पर्धी तीच पकडतो. टोपीला कानांवर प्लास्टिकच्या वाट्या असतात. त्या नसतील तर कानावर बसलेला चेंडू किंवा तळहात पडदा फाडू शकतो.

सगळ्यात जास्त भोगतो तो सेंटर, म्हणजे विरुद्ध गोलासमोर पाठ करून ठाण मांडणारा गडी. शंभर किलोच्या वर वजनाची दोन माणसं तिथे एकमेकांना दाबत, ओढत, बुडवत राहतात आणि पंचाला पाण्याच्या वरचं तेवढं दिसतं. लुका लोंचार हा क्रोएशियाचा अलीकडचा सेंटर बघा. त्याचे गोल क्षणाचे, त्यामागचं झुंजणं अख्ख्या सामन्याचं. त्याच जागेवर इगोर हिनिच चार ऑलिंपिक खेळला, २००० ते २०१२. शेवटचं खेळला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता आणि गळ्यात सुवर्ण घालून बाहेर पडला.

कायमची दुखणी म्हणजे खांदा, बोटं आणि क्लोरीननं तांबारलेले डोळे.

पैसे किती मिळतात?

फुटबॉलची आठवण काढू नका. क्रोएशियात फुटबॉलपटूच्या एका बदलीच्या रकमेत कितीतरी वॉटर पोलो क्लब वर्षभर चालतील. इथले क्लब नगरपालिकेचं अनुदान, स्थानिक प्रायोजक आणि थोडीफार तिकीटविक्री यांवर उभे असतात. अव्वल खेळाडूचं घर नीट चालतं, राखीव खेळाडूचं ओढाताणीनं. पगार उशिरा होणं ही तिथल्या खेळाडूंची जुनी रड आहे.

सरकारचा मात्र एक चांगला रिवाज आहे. ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांतल्या पदकविजेत्यांना ठरावीक वय झालं की राज्याकडून आयुष्यभर मासिक मानधन मिळतं. म्हणून पदकाची किंमत तिथे निव्वळ शोकेसपुरती राहत नाही. चौथा आणि तिसरा क्रमांक यांतला फरक म्हातारपणी दर महिन्याला कळतो.

मग पैशासाठी जातात कुठे?

मुख्यतः इटली, हंगेरी आणि ग्रीस. इटलीतलं पहिलं नाव प्रो रेको. जेनोआजवळचं रेको हे दहा हजारांच्या आसपास वस्तीचं किनाऱ्यावरचं गाव, आणि त्याच्या क्लबकडे २०२३ पर्यंत युरोपची अकरा विजेतेपदं. एका उद्योगपतीच्या पाठबळावर तिथे जगातले उत्तम खेळाडू गोळा झाले. बुडापेस्टचा फेरेंत्सवारोस आणि ग्रीसचा ऑलिंपियाकोस हेही भाव देतात.

साधारण क्रम असा: घरच्या क्लबात नाव करायचं, तेवीस-चोविसाव्या वर्षी बाहेर पडायचं, सहा-आठ वर्षं चांगली कमाई करायची, आणि तिशी उलटली की पुन्हा घरी येऊन त्याच जुन्या पुलात शेवटचे मोसम खेळायचे. परतताना पगार कमी होतो. तरी येतात. यात भावनेचा भाग आहेच, पण क्लबलाही त्याचा नफा होतो. इटलीत दहा वर्षं काढलेला माणूस अठरा वर्षांच्या पोराशेजारी पोहतो, ही शिकवणी विकत घेता येत नाही. क्रोएशिया खेळाडू टिकवू शकत नाही आणि तरी कोसळत नाही, त्याचं कारण माझ्या मते हे परतणं आहे.

रात्को रुदिच कोण? प्रत्येक लेखात त्यांचं नाव असतं.

कारण त्यांच्याशिवाय लेख होत नाही. जन्म १९४८, बेलग्रेडचा. खेळाडू म्हणून १९८० ला ऑलिंपिक रौप्य. प्रशिक्षक म्हणून चार ऑलिंपिक सुवर्णं, तीन वेगवेगळ्या देशांसोबत: युगोस्लाव्हिया १९८४ आणि १९८८, इटली १९९२, क्रोएशिया २०१२. भरघोस मिशा, काठावरून केलेली आरडाओरड आणि अमानुष वाटेल असा सराव ही त्यांची ओळख. त्यांच्या हाताखाली खेळलेले लोक आधी किती किलोमीटर पोहायला लावायचे ते सांगतात, मग बाकीचं.

२००५ ला ते क्रोएशियाकडे आले. २००७ ला मेलबर्नमध्ये अंतिम सामन्यात हंगेरीला जादा वेळेत ९-८ असं हरवून पहिलं जागतिक अजिंक्यपद. हंगेरी तेव्हा दोन वेळचा सलग ऑलिंपिक विजेता होता. मग २०१२ ला लंडन: आठ सामने, आठही जिंकले. अंतिम सामन्यात इटलीला ८-६. गंमत म्हणजे समोर इटलीच्या काठावर उभे असलेले सांद्रो कांपान्या हे १९९२ ला रुदिच यांच्याच हाताखाली इटलीकडून सुवर्ण जिंकलेले खेळाडू. गुरूनं चेल्याला अंतिम सामन्यात हरवलं आणि क्रोएशियाचं पद सोडलं.

त्यानंतर आले शिबेनिकचे इवित्सा तुत्साक. स्वभावानं निराळे. २०१७ आणि २०२४ ची जागतिक अजिंक्यपदं, २०२२ चं युरोपीय आणि दोन ऑलिंपिक रौप्यं त्यांच्या खात्यावर. रुदिच यांचं नाव जास्त घेतलं जातं, पण एकाच देशासोबत इतका काळ वर राहणं मला जास्त अवघड वाटतं.

राष्ट्रीय संघात घराणेशाही आहे का?

नावं वाचली की तसं वाटतं खरं. पेरित्सा बुकिच यांनी १९८४ आणि १९८८ ला युगोस्लाव्हियाकडून सुवर्ण जिंकलं, १९९६ ला अटलांटात क्रोएशियाचा झेंडा धरून संचलन केलं आणि रौप्य घेऊन परतले. त्यांचा मुलगा लुका २०१६ आणि २०२४ च्या रौप्यविजेत्या संघांत. दुब्राव्को शिमेंत्स १९८८ चे सुवर्णविजेते. त्यांचे वडील झ्लात्को १९६४ ला टोकियोत वॉटर पोलोचं रौप्य मिळवलेले, शिवाय देशाकडून हँडबॉलही खेळलेले. गोरान सुक्नो १९८४ चे ऑलिंपिक विजेते, मुलगा सांद्रो २०१२ चा.

वशिल्यानं पाण्यात तरंगता येत नाही, एवढं मात्र नक्की. बाप खेळाडू असला की पोरगं लवकर पुलावर येतं, उंची वारशात मिळते आणि घरात जेवताना विषय तोच असतो. लहान शहरात इतकं पुरतं.

सांद्रो सुक्नोचं नेमकं काय झालं?

या प्रश्नावर थोडं थांबू. सांद्रो सुक्नो, जन्म १९९०, दुब्रोव्हनिक. बावीसाव्या वर्षी लंडनचं सुवर्ण. २०१६ ला रिओत रौप्य. २०१७ ला बुडापेस्टमध्ये संघाचा कप्तान. जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना, समोर यजमान हंगेरी, भरगच्च स्टेडियम विरोधात, आणि निकाल ८-६ क्रोएशियाच्या बाजूनं. त्या काळात जगातला सगळ्यात परिपूर्ण खेळाडू कोण, असा वाद झाला तर त्याचं नाव पहिल्या दोन-तिनात यायचंच. उंच, उजव्या हाताचा जबर फटका, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दोन पास पुढचं दिसणं.

आणि मग हृदयाचं दुखणं निघालं. शस्त्रक्रिया झाली. परत पाण्यात उतरायचा प्रयत्नही झाला, पण तिशी गाठायच्या आतच त्याला खेळणं थांबवावं लागलं. सेंटर ज्या वयात पिकतो, बचावपटू ज्या वयात शहाणा होतो, त्या वयात.

वाईट वाटतं ते असं की दुखापत खांद्याची असती तर त्यानं ती ओढत नेली असती. हृदयाशी वाटाघाटी होत नाहीत. तो ज्या क्लबकडून खेळत होता, त्याच प्रो रेकोचा २०२१ ला मुख्य प्रशिक्षक झाला. कालपरवापर्यंत ज्यांच्यासोबत पोहत होता त्यातल्या काहींना आता तो काठावरून सूचना देत होता. २०२२ आणि २०२३ असं सलग दोनदा त्यानं रेकोला युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं.

किती वयापर्यंत खेळतात?

पोहण्याच्या शर्यतींपेक्षा खूप जास्त. पाण्यात सांध्यांवर आदळआपट कमी, आणि अनुभवाला किंमत मोठी. लंडनच्या सुवर्ण संघाचा कप्तान समिर बराच अडतीस वर्षांचा होता.

सगळ्यात लांब पल्ल्याचं उदाहरण मारो योकोविच. हाही दुब्रोव्हनिकचाच, जन्म १९८७. एकोणिसाव्या वर्षी २००७ च्या मेलबर्नमधल्या जागतिक विजेत्या संघात. मग बीजिंग, लंडन, रिओ, टोकियो, पॅरिस अशी पाच ऑलिंपिक. त्यात एक सुवर्ण, दोन रौप्यं. पॅरिसच्या वेळी सदतिशी गाठायला दोनच महिने कमी. त्या संघातली काही पोरं तो मेलबर्नला जिंकला तेव्हा प्राथमिक शाळेत होती.

मघाशी डावखुऱ्याचं म्हटलं ते याच्यासाठी. योकोविच डावखुरा. मैदानाच्या उजव्या बाजूनं उजव्या हाताच्या खेळाडूला गोलाचा कोन नीट मिळत नाही, डावखुऱ्याला तो आयता मिळतो. सहा विरुद्ध पाच असताना त्या बाजूला डावखुरा नसेल तर अख्खा हल्ला लंगडतो. असे खेळाडू मुळातच कमी, त्यामुळे चांगल्या डावखुऱ्याला क्लब सहजासहजी सोडत नाहीत आणि निवृत्तही होऊ देत नाहीत.

सर्बियासमोर क्रोएशिया हरतोच का?

हरतोच असं नाही, पण मोठ्या अंतिम सामन्यांत हरल्याचं जास्त लक्षात राहतं. २०१५ ला कझानच्या जागतिक अंतिम सामन्यात ११-४. २०१६ ला रिओत ११-७. २०२४ ला पॅरिसमध्ये १३-११. दोन्हीकडचे जुने प्रशिक्षक एकाच युगोस्लाव्ह शाळेत शिकलेले, खेळाडू एकमेकांच्या भाषेत शिव्या देऊ शकणारे, आणि क्लबांत वर्षानुवर्षं एकत्र खेळणारे. इतकी ओळख असली की डावपेचांत लपवायला फारसं काही उरत नाही. मग ज्याचं डोकं त्या दिवशी थंड, तो जिंकतो. सर्बियाचं डोकं ऑलिंपिकच्या शेवटच्या दिवशी फार थंड असतं, हे कबूल करावंच लागतं.

२०२४ हे वर्ष इतकं गाजलं ते कशामुळे?

आठ महिन्यांत तीन मोठे अंतिम सामने. जानेवारीत युरोपीय अजिंक्यपद. स्पर्धा इस्रायलहून हलवून झाग्रेब आणि दुब्रोव्हनिकला आणली होती, तिथे अंतिम सामन्यात स्पेनकडून हार. फेब्रुवारीत दोहाला जागतिक स्पर्धा: इटलीशी १०-१० बरोबरी, पेनल्टींवर १५-१३ असा विजय. ऑगस्टमध्ये पॅरिस: उपांत्य फेरीत हंगेरीवर ९-८, अंतिम सामन्यात सर्बियाकडून हार. घरच्या मैदानावरची हार पचवून महिनाभरात जग जिंकणं हे त्या संघाचं सगळ्यात मोठं काम, माझ्या मते पॅरिसच्या रौप्याहूनही मोठं. मार्को बियाच गोलात, लोरेन फातोविचचे लांबून घेतलेले फटके आणि सेंटरला लोंचार, हा त्या संघाचा कणा.

बाहेरच्या देशांतले खेळाडूही क्रोएशियाकडून खेळतात का?

होय. हावियर गार्सिया हा डावखुरा मुळात स्पेनचा. स्पेनकडून ऑलिंपिक खेळून नंतर क्रोएशियाकडून रिओचं रौप्य मिळवलं. पॅरिसच्या संघातला कोन्स्तांतिन हार्कोव्ह रशियातून आलेला. अशी नावं तुरळकच आहेत.

महिलांचं काय?

इथे चित्र फिकं आहे. महिलांचा वॉटर पोलो ऑलिंपिकमध्ये २००० पासून आहे, क्रोएशियाच्या महिलांना तिथवर अजून पोचता आलेलं नाही. पुरुषांच्या पदकांची एवढी रास असलेल्या देशाला हे शोभत नाही.

खेळ संपल्यावर हे लोक काय करतात?

बरेच जण काठावर येतात, म्हणजे प्रशिक्षक होतात, आणि जगभर जातात. एल्विस फातोविच यांनी बरीच वर्षं ऑस्ट्रेलियाचा संघ सांभाळला. १९९६ चे रौप्यविजेते व्येकोस्लाव्ह कोबेश्चाक यांनी २०१६ ला 'युग'ला युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं. पेरित्सा बुकिच खासदार झाले आणि देशाच्या वॉटर पोलो महासंघाचे अध्यक्षही. बाकीचे छोटा व्यवसाय करतात, किनाऱ्यावर पर्यटनात शिरतात, नोकरी धरतात. रस्त्यात त्यांना ओळखतात, पण गराडा पडत नाही. २०१६ ला रिओत देशाचा झेंडा धरणारा गोलकीपर योसिप पाविचही त्याला अपवाद नाही.

आपल्याकडे हा खेळ आहे का?

आहे, आणि इतिहास बरा आहे. १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये भारताचा वॉटर पोलो संघ होता. १९५१ ला दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत आपण सुवर्ण जिंकलं, १९७० ला बँकॉकमध्ये रौप्य आणि १९८२ ला कांस्य. मुंबईत तेव्हापासून हा खेळ आहे. आजही राष्ट्रीय स्पर्धांत महाराष्ट्राचे संघ असतात. अडचण पुलाच्या वेळेची. खोल पाण्याचे तलाव मोजके, त्यावर सकाळ-संध्याकाळ पोहणाऱ्या सभासदांचा हक्क, आणि गोल टाकून सात-सात जणांना खेळायला अर्धा तलाव लागतो. बारा वर्षांच्या पोरानं कुठे जाऊन शिकायचं, इथेच गाडं अडतं.

पहिल्यांदा सामना बघताना नजर कुठे ठेवू?

चेंडूवर ठेवू नका. गोलासमोर पाठ करून बसलेल्या सेंटरवर आणि त्याच्या मागच्या बचावपटूवर ठेवा. सेंटरनं आपली जागा राखली की बाकीचे चेंडू फिरवत राहतात, बचावपटू चिडतो, हात अडकवतो आणि शिट्टी होते. शिट्टी झाली की लगेच उजवीकडे बघा, डावखुरा कुठे उभा आहे ते. सुरुवात लंडन २०१२ च्या अंतिम सामन्यापासून करा. त्यात हिनिचही आहे आणि योकोविचही, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच सामन्यात बघून होतील.